पिल्लं निघत नाहीत, निघाली तर जगत नाहीत: आधी मेल्याचा दिवस मोजा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीकडच्या पावसाच्या पट्ट्यात आमचं घर. परसात पंचवीस-तीस गावठी कोंबड्या असतात आणि वर्षाला पाच-सहा रवणं (कोंबडीखाली उबवायला घातलेली अंडी) मी बसवते. आजूबाजूच्या वाड्यांतून निरोप येतो तो बहुतेक वेळा एकाच गोष्टीसाठी : "आक्का, चौदा अंडी घातली होती, पाचच पिल्लं निघाली, त्यातली दोन काल गेली." मी जाते, बघते, आणि दर वेळी पहिला प्रश्न एकच विचारते. कितव्या दिवशी?

उत्तर बहुधा नसतं, आणि तिथंच सगळं अडतं. अंड्यातला जीव किंवा बाहेरचं पिल्लू कोणत्या दिवशी गेलं, यावरून कारण अर्धं कळतं. म्हणून लक्षणंही त्याच क्रमाने मांडते.

लक्षणं

• एकविसावा दिवस उलटून गेला. अंडं फोडलं तर आत नुसतं पिवळं-पांढरं, जीव धरल्याची खूणही नाही.

• आत रक्ताचं कडं किंवा बोटाच्या पेराएवढा काळपट जीव. म्हणजे जीव धरला, पण पहिल्या आठ-दहा दिवसांत गेला.

• पूर्ण वाढलेलं, पिसं आलेलं पिल्लू कवचातच मेलेलं. कधी चोच मारून भोक पाडलेलं, कधी तेवढंही नाही.

• पिल्लू निघालं, पण पहिल्या तीन दिवसांत गेलं. पोट फुगलेलं, बेंबी ओलसर किंवा काळी, हातात घेतलं की घाण वास.

• चौथ्यापासून बाराव्या दिवसापर्यंत मरतुक. पिल्लं एकमेकांवर चढून बसतात, सारखी चिवचिवतात, पंख लोंबतात, ढुंगणाला पांढरी विष्ठा चिकटून वाळलेली असते.

• तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात चांगली हिंडती-फिरती पिल्लं अंग फुगवून गप्प बसतात, विष्ठेत रक्त दिसतं.

• कोणत्याही वयात हिरवट पातळ हगवण, तोंड उघडं टाकून श्वास, मान पिरगळलेली. ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. आपल्याकडे कन्नड लोक याला कोक्करे रोग म्हणतात.

आता तपासण्या. आधी फुकटच्या, मग थोड्या पैशाच्या, मग डोकं आणि हात दोन्ही लागणाऱ्या. क्रम मोडू नका. पहिल्या तीन गोष्टी न बघता औषधाच्या बाटल्या आणलेल्या मी फार बघितल्यात.

कॅलेंडर आणि कोळसा

कोंबडी बसवली त्या तारखेवर कॅलेंडरात खूण करा आणि एकवीस दिवस मोजून तिथं दुसरी खूण करा. मग रवणातल्या प्रत्येक अंड्यावर कोळशाने किंवा पेन्सिलीने फुली मारा.

फुली कशासाठी? खुडूक कोंबडी चरायला उठली की दुसरी कोंबडी तिच्या बुट्टीत (टोपलीत) जाऊन अंडं घालते. घरच्यांना पत्ता नसतो. एकविसाव्या दिवशी आधीची पिल्लं निघतात, कोंबडी त्यांना घेऊन उठते आणि मागून घातलेली अंडी अर्धवट वाढलेली थंड पडतात. मग "जीव धरलेली अंडी मेली, काहीतरी बाधा झाली" असं म्हणतात. बाधा काही नसते, त्या अंड्यांचा बारावा-तेरावा दिवस चालू असतो. रोज कोंबडी खायला उठेल तेव्हा बिनफुलीचं अंडं दिसलं की काढून घ्या. ते ताजंच असतं, खाता येतं.

गावठी कोंबडीखाली दहा ते बारा अंडी पुष्कळ झाली. अंगाने मोठी असेल तर चौदा-पंधरा. त्यावर गेलं की कडेची अंडी थंड राहतात, ती दुसऱ्या दिवशी आत जातात आणि आतली कडेला येतात. अशी आळीपाळीने सगळीच थोडी थोडी थंड होतात, आणि दोन-चार जास्त निघावीत म्हणून घातलेल्या अंड्यांपायी सगळं रवण बिघडतं.

बुट्टीत लोखंडाचा तुकडा नि कोळसा ठेवायची आपल्याकडे रीत आहे, गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. आजीने शिकवलंय म्हणून मीही ठेवते. पण वळवाच्या दिवसांत अंडी बिघडण्यामागे उकाडा, ओल आणि कोंबडीचं घाबरून उठणं ही कारणं असतात. बुट्टी पत्र्याखालून काढून कौलाखाली, अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवली की बराच फरक पडतो.

रात्री बॅटरी घेऊन जा

ही तपासणी लोक करत नाहीत, आणि माझ्या अनुभवात निम्मी रवणं इथंच सुटतात.

कोंबडी पहिले आठ-दहा दिवस चिकाटीने बसली आणि मग सारखी उठायला लागली, बुट्टीच्या काठावर उभी राहायला लागली, तर दिवसा काही दिसणार नाही. रात्री नऊ-दहाला जा. एक पांढरं फडकं बुट्टीच्या कडेला अंथरा, कोंबडीला हळूच उचला आणि बॅटरी मारा. मागच्या मिरगाच्या आधी शेजारच्या काकूंकडे मी असंच केलं. कोंबडी उचलली तेव्हा मनगटावर काहीतरी सरसरलं. बघितलं तर मोहरीच्या निम्म्या आकाराचे तांबडे ठिपके, चालणारे. फडक्यावर एक चिरडला, रक्ताची रेघ उठली. ते रक्त कोंबडीचं. या किडी दिवसा खुराड्याच्या फटीत, बुट्टीच्या विणीत लपतात आणि रात्री वर येऊन रक्त पितात. कोंबडी कितीही मायेची असली तरी तिथं बसवत नाही. ती उठते, रात्रीच्या गारव्यात अंडी थंड पडतात आणि पिल्लू कवचात मरतं. त्यातूनही पिल्लं निघाली तर त्यांचं रक्त या किडी पितात. चोच उघडून बघा, तोंडाच्या आतला भाग गुलाबीऐवजी पांढुरका दिसेल.

उपाय कष्टाचा आहे, महागाचा नाही. जुनं पिंजर (भाताचा पेंढा) बुट्टीसकट बाहेर नेऊन जाळा. खुराड्याच्या फटीत उकळतं पाणी ओता, वाळू द्या, मग चुना लावा. नव्या बुट्टीत खाली चाळलेली कोरडी राख, वर वाळलेला कडुलिंबाचा पाला, वर नवं भाताचं पिंजर. अंडी हलवायची ती संध्याकाळी, कोंबडीसकट. पुढच्या वेळी कोंबडी बसवायच्या दोन-तीन दिवस आधीच तिच्या पंखांखाली आणि ढुंगणाच्या पिसांत उवा आहेत का बघा आणि तिला राखेत मनसोक्त लोळू द्या. डोळ्यांभोवती, तुऱ्याला काळ्या दाण्यांसारख्या पिसवा चिकटल्या असतील तर त्याही आधीच काढायच्या.

एक कळकळीने सांगते. उसाला नाहीतर भाताला आणलेलं कीटकनाशक कोंबडीच्या अंगावर मारू नका. कोंबडी आणि पिल्लं दोन्ही जातात, आणि ते विष अंड्यातून आपल्या पोटात येतं. कोंबडीच्या अंगावर चालणारी औषधं वेगळी असतात, ती जनावरांच्या डॉक्टरांकडून घ्या.

पिल्लांना ऊब पुरते का

चौथ्या ते बाराव्या दिवसातली मरतुक म्हटलं की मी आधी बल्बकडे बघते. पूर्वी साठ वॅटचा पिवळा बल्ब लावायचो, तो तापायचा. आता घरोघरी एलईडी आलेत. त्यांचा उजेड लख्ख, पण ऊब जवळजवळ नाही. "बल्ब लावलाय की!" असं सांगणाऱ्या तीन घरांत मला एलईडीच लावलेला सापडलाय.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ३३ ते ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तरी चालेल, पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा होऊन एकमेकांवर चढली तर गारठलीत. बल्बपासून लांब, चोच उघडी टाकून धापा टाकत बसली तर उकडतंय. सगळी एकाच कोपऱ्यात दाटली तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. सगळीकडे पसरून टिपत असली तर ठीक. रात्री निजायच्या आधी एकदा आणि पहाटे एकदा बघा, कारण मरतुक पहाटेची असते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे स्वेटर लागतो. पिल्लांच्या अंगावर तेव्हा नुसती लव असते.

वीज गेली तर शेगडीत कोळसे पेटवून बंद खोलीत ठेवू नका. धूर दिसत नसला तरी त्या वाफेने पिल्लंही मरतात आणि माणसंही. गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवा आणि वरून डालगं (कोंबड्या झाकायची मोठी टोपली) झाका, हवेला थोडी वाट ठेवून.

कोंबडीच ऊब देत असेल तर तिला पावसात पिल्लं घेऊन हिंडू देऊ नका. पहिले पंधरा दिवस डालग्याखाली, आणि डालगं ओल्या जमिनीवर नको, फळीवर किंवा गोणपाटावर. आषाढात आमच्याकडे चार-चार दिवस जमीन वाळत नाही, आणि भिजलेलं पिल्लू आईच्या पंखाखालीही लवकर गरम होत नाही.

पहिल्या तीन दिवसांत पोट फुगून गेलेलं पिल्लू मात्र उबेने वाचणार नाही. तिथं जंतू ओल्या बेंबीतून आत शिरलेले असतात, आणि ते येतात घाण बुट्टीतून आणि शेण-विष्ठा लागलेल्या अंड्यांतून. अशी अंडी मुळात रवणात घालू नका. पाण्याने धुऊन घालू तर मुळीच नका. कवचावरचा नैसर्गिक थर धुतला जातो आणि जंतूंना आत जायला वाट मोकळी होते. किरकोळ डाग असला तर कोरड्या फडक्याने पुसा.

आणखी एक. एकविसाव्या दिवशी पिल्लाने कवचाला भोक पाडलं की बाहेर यायला त्याला बारा ते चोवीस तास लागतात. तेवढ्यात पोटातला उरलेला पिवळा बलक आत ओढला जातो आणि कवचाच्या शिरांतलं रक्त अंगात परततं. घाईने कवच सोललं की रक्त वाहतं आणि बेंबी उघडी राहते. निघाल्यावर त्याच बलकावर पिल्लू दोन दिवस सहज तगतं, म्हणून खायला घालायचीही घाई नको.

अंडी किती दिवसांची, आणि ठेवली कुठं

आत काहीच नसलेली अंडी निघाली की सगळे कोंबड्याला दोष देतात. मी आधी विचारते, पहिलं अंडं कधी ठेवलंत? महिनाभर जमवलेली वीस अंडी एकदम बसवली तर निम्मी वाया जाणारच. सात दिवसांपर्यंतची अंडी घ्या, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांचीच.

एप्रिल-मेमध्ये चुलीजवळच्या फळीवर ठेवलेल्या अंड्यात वेगळंच घडतं. साधारण २१ अंशांच्या वर गेलं की आतला जीव थोडा थोडा वाढू लागतो, पण पूर्ण ऊब नसल्याने ती वाढ धड होत नाही. रात्री गारवा आला की थांबते, दुपारी पुन्हा सुरू होते. असा दमलेला जीव रवणात गेल्यावर पहिल्या आठवड्यातच संपतो, आणि फोडल्यावर रक्ताचं कडं दिसतं. फ्रिजही नको, तो फार थंड. घरातला सगळ्यात गार, अंधारा कोपरा शोधा. मी माठाशेजारी नाचणीच्या बुट्टीत अंडी ठेवते, निमुळतं टोक खाली करून. माठाचा गारवा मिळतो, पण पाणी अंड्याला लागत नाही.

सातव्या दिवशी उजेडात बघा

पुठ्ठ्याच्या खोक्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडा, आत मोबाइलची बॅटरी लावा, खोलीत अंधार करा आणि अंड्याचा रुंद भाग भोकावर धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसला तर जीव आहे. पूर्ण स्वच्छ, पिवळसर उजेड आरपार आला तर जीव धरलेलाच नाही. तांबडी अंगठी दिसली तर जीव धरून गेलाय. गावठी अंड्याचं कवच बदामी असलं की नीट दिसत नाही, मग दहाव्या दिवशी पुन्हा बघा. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका.

यात मोठा फायदा आहे. मेलेली अंडी तिथंच राहिली तर आत सडून फुटतात आणि शेजारच्या चांगल्या अंड्यांवर ती घाण जाते. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या असतील तर सातव्या दिवशी दोन्हीकडची जिवंत अंडी एकीखाली घालता येतात आणि दुसरीला नवं रवण देता येतं.

आणि निदानही इथंच होतं. दहापैकी सात अंडी स्वच्छ दिसली तर कोंबड्याकडे बघायचं. सात अंगठ्या दिसल्या तर साठवणीकडे.

यंत्रात अंडी घालणाऱ्यांसाठी थोडक्यात. पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश. ओलावा पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. अठराव्या दिवसापर्यंत रोज किमान तीन वेळा अंडी फिरवायची, मग थांबवायचं. पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचात मेलं, आणि आतला पापुद्रा चामड्यासारखा अंगाला चिकटलेला असला, तर शेवटी ओलावा कमी पडला. स्वस्तातल्या यंत्राच्या आकड्यावर विसंबू नका. त्याचा सेन्सर आणि घरातला तापाचा थर्मामीटर एकत्र ठेवून पडताळा. अर्ध्या-एक अंशाच्या फरकानेही अंडी बिघडतात.

बिछाना, पाणी, खाणं

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्त दिसतं ती रक्ती हगवण. ती पसरते ओल्या बिछान्यातून. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून बारीक गाठी पडतात, त्यांना ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत त्या दुसऱ्या पिल्लाला बाधायच्या तयारीत येतात. फिनेलसारख्या औषधाने त्या मरत नाहीत, कोरडेपणा आणि उष्णता मात्र त्यांना सोसत नाही. म्हणून भाताचं तूस तीन-चार बोटं जाड अंथरा आणि मुठीत दाबून बघा. गोळा झाला तर ओलं आहे, बदला. पाण्याच्या भांड्याभोवतीचं तूस रोज काढा. भांडं उथळ, आत दोन-चार खडे टाकलेलं, नाहीतर पिल्लं त्यातच भिजतात. पहिले तीन दिवस खाली वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून फाकतात. गोणपाट घाला.

खाण्याचं सांगायचं तर आपल्या भाताच्या पट्ट्यात पिल्लाला नुसती कणी घालतात. कणीत प्रथिनं सात-आठ टक्के, आणि पिल्लाला सुरुवातीला वीस टक्क्यांच्या वर लागतात. पंख लोंबतात, वाढ थांबते, मग कोणताही आजार त्याला उचलून नेतो. पहिला महिनाभर तरी पिल्लांचं स्टार्टर खाद्य द्या. ते परवडत नसेल तर कणीबरोबर आपली जुनी वाळवीची रीत धरा : मडक्यात शेण आणि पिंजर भरून, ओलं करून, वाळवी असलेल्या जागी रात्री पालथं घालायचं. सकाळी मडकं उचलून आणलं की पिल्लं तुटून पडतात. बुरशी आलेला मका किंवा पेंड मात्र मोठ्या कोंबडीलाही देऊ नका, पिल्लाला तर नाहीच. खारवलेल्या सुकटीचं उरलेलंही नको, जास्त मीठ पिल्लाला विषासारखं बाधतं.

कोंबडा

इथं जरा जपून बोलायला हवं, कारण जत्रेशी संबंध आहे. जत्रेला, नवसाला किंवा पाहुण्यांना जातो तो घरातला सगळ्यात तगडा, तुरेदार कोंबडा. मागे राहतो किरकोळ. पुढच्या वर्षीची सगळी पिल्लं त्या किरकोळ कोंबड्याची. शिवाय तो बहुधा त्याच घरच्या कोंबडीचा, म्हणजे त्याच्या आया-बहिणींशीच जोडा लागतो. अशी तीन-चार वर्षं गेली की अंड्यात जीव कमी धरतो, धरलेला अर्ध्यात जातो, निघालेलं पिल्लू अशक्त असतं. देवाला द्यायचा तो द्या, पण पैदाशीचा एक कोंबडा आधीच वेगळा ठरवा आणि त्याच्या पायात दोरा बांधा.

आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा. दर वर्षी दुसऱ्या गावातून, नात्यात नसलेला आणा. आणल्यावर तीन आठवडे लांब बांधा. त्याच्याबरोबर रोग आला असेल तर तेवढ्या दिवसांत दिसतो. कळपात सोडल्यावरही लगेच अंडी जमवू नका. कोंबडीच्या पोटात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं, तेवढं थांबलात तरच नव्या रक्ताची पिल्लं मिळतील.

गिरिराज, स्वर्णधारा, वनराजा या सुधारित कोंबड्यांची अंडी गावठी कोंबडीखाली घालून पैदास वाढवायला बघणाऱ्यांची पुढे निराशा होते. या जाती संकरातून आलेल्या, त्यामुळे पुढच्या पिढीत तेवढं वजन आणि तेवढी अंडी उतरत नाहीत. त्या पाळायच्या तर पिल्लं दर वेळी नवी आणा, आणि पैदाशीला आपली गावठी ठेवा.

लस

मानमोडीला औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठ आठवड्यांनंतर मोठी लस टोचून. ती टोचायची लस सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला देऊ नये. आधी जंत पाडून घ्या, आणि आजारी पिल्लाला लस देऊ नका.

अडचण अशी की एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि आपल्याकडे पिल्लं बारा. कालवलेली लस दोन तासांच्या आत संपवावी लागते. आमच्या स्त्रीशक्ती संघातल्या बायकांनी यावर तोड काढली. आठ घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवायच्या, म्हणजे पिल्लं एकदम निघतात आणि एक बाटली सगळ्यांना पुरते. लस बर्फात घालून आणायची, पहाटे किंवा संध्याकाळी द्यायची. पाच वर्षांपूर्वी मी स्वतः एका दुकानातून बाटली नुसत्या पिशवीतून, भर दुपारी बसने आणली. लस दिल्याचं समाधान मिळालं, आणि दिवाळीच्या आधी एकोणीस कोंबड्या मान पिरगळून गेल्या. एवढ्या वाटेत तापलेली लस मेलेली असते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

सायकलवर विकायला येणारी रंगवलेली स्वस्त पिल्लं आणि बाजारातून न विकता परत आलेली कोंबडी, या दोन वाटांनी रोग परसात येतो. परत आलेली कोंबडीही तीन आठवडे वेगळी.

इथं थांबा, आणि डॉक्टरांना बोलवा

विष्ठेत रक्त दिसलं की त्याच दिवशी. रक्ती हगवणीचं औषध पाण्यातून देतात आणि लवकर दिलं तर पिल्लं वाचतात, पण मात्रा डॉक्टरांनी ठरवायची. माणसांच्या मेडिकलातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून कुटून घालू नका.

मान पिरगळणं आणि हिरवी हगवण दिसली की आजारी वेगळ्या करा, कळप सोडू नका, कोंबड्या विकू नका, आणि कळवा. त्यानंतर खुराडं साफ करून, चुना मारून किमान तीन-चार आठवडे रिकामं ठेवायचं.

पांढरी हगवण होऊन पिल्लं गेली आणि असं लागोपाठ दुसऱ्या रवणातही झालं, तर रोग कोंबडीच्या अंड्यातूनच येत असेल. बरी झालेली दिसणारी कोंबडीही तो पुढे देते. तिची अंडी रवणाला घालणं बंद करा आणि तपासणी करून घ्या. त्यासाठी नुकतंच मेलेलं एखाद-दुसरं पिल्लू पिशवीत घालून, बर्फावर ठेवून काही तासांत दवाखान्यात न्या. गोठवू नका, आतलं नीट दिसत नाही.

पण मोठ्या कोंबड्या एकाएकी, एका-दोन दिवसांत पटापट मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर कशालाही हात लावू नका. कापू नका, खाऊ नका, ओढ्यात टाकू नका, दवाखान्यातही नेऊ नका. मुलांना लांब ठेवा आणि फोन करा. २००६ साली महाराष्ट्रात नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तो देशातला पहिला. तेव्हापासून अशा मरतुकीची खबर पशुपालन खात्याला लगेच द्यायची असते.

फिरत्या पशुवैद्यकीय गाडीसाठी १९६२ हा क्रमांक आहे. फोनवर कन्नडात बोलावं लागलं तर घाबरू नका, चार शब्द पुरतात : कोळी म्हणजे कोंबडी, मरी म्हणजे पिल्लू, रक्त भेदी म्हणजे रक्ताची हगवण, लसिके म्हणजे लस. आधी किती होती, किती मेली आणि कितव्या दिवशी, एवढं सांगा. डॉक्टर आले की भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्या हातात द्या.